मधला गडी

प्रत्येक माणसाच्या अंगीं एखादी तरी आवड अशी असते, कीं तिचें समर्थन करण्याची पाळी आली म्हणजे तो गोंधळून जातो. माझ्या परिचयाचे एक संस्कृत पंडित आगगाड्यांचीं जुनीं वेळापत्रकें जमवितात. दुसरे एक गणितज्ञ आपल्या गल्लींतील कुत्र्यांच्या वंशावळी तोंडपाठ म्हणून दाखवितात. त्यांना कोणी जाब विचारीत नाहीं. मला मात्र तो वारंवार विचारला जातो. मी इंग्रजी वाङ्मय शिकवितों. क्रिकेटखेरीज दुसऱ्या खेळाला खेळ न मानणाऱ्या देशांत राहतों. चिनी लिपींतील एका अक्षरापलीकडे मला कांहीं वाचतां येत नाहीं. आणि असें असूनही गेलीं अठरा वर्षें झेंग झी या नांवाच्या एका चिनी फुटबॉलपटूच्या जीवनक्रमावर मी दुरून नजर ठेवून आहें. मेस्सीसारख्या लोकोत्तर पुरुषावर लिहावयास सारें जग समर्थ आहे. झेंग झीवर लिहिणारा मराठींत कोणी निघेल असा संभव दिसत नाहीं, म्हणून हें काम मींच पत्करलें आहे.

या आवडीचें मूळ शोधूं गेल्यास तें कोल्हापुरांत सांपडेल. महाराष्ट्रांतील ज्या थोड्या शहरांनीं फुटबॉलवर जिवापाड प्रेम केलें, त्यांत कोल्हापूरचा मान मोठा. तेथें संघांचीं नांवें तालमींवरून पडलेलीं असतात. पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांचा सामना शाहू स्टेडियमवर असला, कीं पेठांतील गल्ल्या ओस पडतात. त्या शहरांत शिकत असतां मी महाविद्यालयाच्या संघांत मधल्या फळींत खेळत असें. खेळ बेताचाच होता; परंतु त्या जागेचा मला असा कांहीं लळा लागला, कीं आजही कोणताही सामना पाहावयास बसलों म्हणजे माझी दृष्टि प्रथम मधल्या गड्याकडे जाते.

पुढें खेळणाऱ्याला गोल मिळतो. गोलरक्षकाला टाळ्या अथवा शिव्या मिळतात. मधल्या गड्याला मिळतो तो केवळ चेंडू, आणि तोही दुसऱ्याला देण्यासाठीं. चेंडू येण्यापूर्वीं खांद्यावरून मागें पाहून घ्यावयाचें, अंग अर्धें वळवून उभें राहावयाचें, आणि पहिल्या स्पर्शांतच चेंडूला पुढची दिशा द्यावयाची. चेंडू आपल्या संघापाशीं नसतांना प्रतिपक्षाची वाट अशा बेतानें अडवून ठेवावयाची, कीं त्या बाजूनें चेंडू न्यावा असें त्याच्या मनांतच येऊं नये. हें शेवटचें काम सर्वांत अवघड आणि सर्वांत अदृश्य होय. जो हल्ला झालाच नाहीं, त्याची नोंद कोणत्या वहींत करावयाची?

कौटिल्यानें राजमंडळाचें विवेचन करतांना ‘मध्यम’ नांवाचा एक राजा सांगितला आहे. विजिगीषु आणि त्याचा शत्रु या दोघांच्याही सीमेला त्याची सीमा लागलेली असते. ते एक असतील तर त्यांना साह्य करण्याचें, आणि विभक्त असतील तर त्यांना आवर घालण्याचें सामर्थ्य त्याच्यापाशीं असतें. चिनी लोक तर आपल्या देशालाच ‘मध्यदेश’ म्हणतात. मला वाचतां येणारें चिनी अक्षर तें हेंच. ‘चुंग’, म्हणजे मध्य. देशाच्या नांवांत तें आहे, आणि मैदानाच्या मधल्या भागाला जो चिनी शब्द आहे त्यांतही आहे. एक आडवी चौकट आणि तिच्या मधोमध एक उभी रेघ, असें त्याचें रूप. पाहणाऱ्याला तें फुटबॉलच्या मैदानाचा नकाशा आहे असेंच वाटावें. फरक इतकाच, कीं अक्षरांतील ती रेघ चौकटींत मावत नाहीं. वर आणि खालीं थोडी बाहेर आलेली असते.

झेंग झीला मीं पहिल्यानें पाहिलें तें १८ मार्च २००७ रोजीं. तारीख लक्षांत राहण्याचें कारण निराळेंच आहे. आदल्या रात्रीं वेस्ट इंडीजमधील विश्वचषक स्पर्धेंत बांगलादेशानें भारताच्या क्रिकेट संघाचा पराभव केला होता, आणि आमच्या गल्लींत जणूं सुतक पाळलें जात होतें. क्रिकेटच्या चर्चेपासून दूर पळावें म्हणून मीं दूरदर्शनसंचावर इंग्लंडांतील एक फुटबॉलचा सामना लावला. लंडनचा चार्ल्टन अॅथलेटिक हा संघ न्यूकॅसलशीं खेळत होता. चार्ल्टनची अवस्था त्या वर्षीं बिकट होती. वरच्या श्रेणींतून खालीं घसरण्याची टांगती तलवार डोक्यावर होती. त्या संघाच्या मधल्या फळींत, चीनहून उसना आणलेला, सव्वीस वर्षांचा एक सडपातळ तरुण खेळत होता. चार्ल्टननें तो सामना दोन गोलांनीं जिंकला, आणि त्यांतील एक गोल या तरुणाचा होता. इंग्लंडच्या त्या सर्वोच्च श्रेणींत त्यानें केलेला तो एकुलता एक गोल ठरला. परंतु माझ्या मनांत राहिला तो गोल नव्हे. चेंडू येण्यापूर्वीं तो प्रत्येक वेळीं मान वळवून मागें पाहून घेत असे. परक्या देशांत, ज्यांच्याशीं धड बोलतांही येत नाहीं अशा सोबत्यांमध्यें, आपल्या पाठीमागें काय चाललें आहे हें सतत तपासणारा तो माणूस मला फार ओळखीचा वाटला.

मे महिन्यांत चार्ल्टनचा संघ खालीं घसरलाच. उसना आलेला खेळाडू अशा वेळीं परत जातो. झेंग झीनें उलट त्याच संघाशीं कायमचा करार केला आणि खालच्या श्रेणींत आणखी दोन हंगाम काढले. येथून पुढें मी त्याचा मागोवा घेऊं लागलों. पुढचा आणि मागचाही.

त्याचा जन्म २० ऑगस्ट १९८० रोजीं ईशान्य चीनमधील शेनयांग येथें झाला. ल्याओनिंग प्रांताची ती राजधानी. कारखान्यांचें, कडक थंडीचें शहर. ल्याओनिंगचा संघ त्या काळीं चिनी फुटबॉलचा मुकुटमणि होता. आशियांतील क्लबांचें अजिंक्यपद पटकावणारा पहिला चिनी संघ तोच. ही गोष्ट १९९० मधील. झेंग त्याच संघाच्या युवक पथकांत घडला, आणि नशीब काढण्यासाठीं देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, हाँगकाँगच्या सीमेवरील शेन्झेन या नव्या शहरांत गेला. तेथें त्याच्या संघाच्या नांवापुढें प्रथम एका विमा कंपनीचें नांव होतें, मागाहून एका शीतपेयाचें आलें. २००४ सालीं चीनमध्यें नव्या ‘सुपर लीग’ची स्थापना झाली, आणि तिचें पहिलें अजिंक्यपद शेन्झेननें जिंकलें. ज्या हंगामांत हा पराक्रम झाला, त्याच हंगामांत खेळाडूंचे पगार महिनेच्या महिने थकले होते! पदरीं पैसा नसतां त्या मंडळींनीं देशांतील सर्व धनाढ्य संघांना मागें टाकलें. ही गोष्ट मला अनेक वर्षें अत्यंत रमणीय वाटत आली आहे. तिच्याकडे मला पुन्हां वळावयाचें आहे.

शेन्झेनहून तो शान्दोंग प्रांताच्या संघांत गेला. तेथें नांव एका वीज कंपनीचें होतें. २००६ मध्यें त्या संघानें लीग आणि चषक दोन्ही जिंकले, व त्याच हिवाळ्यांत त्याची रवानगी लंडनला झाली. चार्ल्टननंतर स्कॉटलंडमधील सेल्टिक संघांत त्यानें एक हंगाम काढला. २०१० मध्यें तो मायदेशीं परतला तो ग्वांगझौच्या संघांत, आणि तेथें त्याच्या आयुष्याचें वैभवशिखर त्याला दिसलें. त्याविषयीं लिहिण्यापूर्वीं एक दुःखद अध्याय उरकून घेतला पाहिजे. कारण झेंग झीच्या चरित्रांत यशाच्या शेजारीं अपयशाची एक समांतर ओळ सारखी चालत आलेली आहे. ती ओळ त्याच्या राष्ट्रीय संघाची.

चीननें विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेंत आजवर एकदांच पाऊल टाकलें; २००२ सालीं. तिन्ही सामने हरला, एकही गोल झाला नाहीं. झेंग झी तेव्हां एकवीस वर्षांचा होता आणि त्या चमूंत नव्हता. गंमत अशी, कीं त्याच वर्षीं चीनमधील सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली! दार त्याच्यावांचून उघडलें आणि तो दाराशीं पोंचला तेव्हां बंद झालें. पुढें उघडलेंच नाहीं. २००४ च्या ऑगस्टमध्यें पेकिंग येथें आशियाई चषकाच्या अंतिम सामन्यांत जपाननें चीनला तीन विरुद्ध एक असें नमविलें. जपानचा एक गोल हाताला लागून झाला असें प्रेक्षकांचें म्हणणें पडलें, आणि स्टेडियमबाहेर दंगल उसळली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत विश्वचषकाच्या पात्रतेचा हिशेब लागला. चीन आणि कुवेत यांचे गुण सारखे. केलेल्या व घेतलेल्या गोलांची वजाबाकीही सारखी, तेरा. परंतु कुवेतचे एकूण गोल पंधरा आणि चीनचे चौदा. शेवटच्या दिवशीं चीननें हाँगकाँगवर सात गोल चढविले होते. आठवा हवा होता!

२००६ च्या जूनमध्यें विश्वचषकाच्या तोंडावर फ्रान्सच्या संघानें सरावासाठीं चीनशीं एक सामना घेतला. चेंडूमागें धावतांना झेंग झी आणि फ्रान्सचा जिब्रिल सिसे यांची झटापट झाली, आणि सिसेचा पाय मोडला. सिसेचा विश्वचषक तेथेंच संपला. स्वतः झेंगला ज्या स्पर्धेचें दर्शन कधींच घडावयाचें नव्हतें, तिच्या उंबरठ्यावरून त्याच्या हातून दुसरा एक जण मागें फिरविला गेला. दैवगतीचे असले खेळ शोकांतिकांत वाचतांना विद्यार्थी मला विचारतात, कीं हें जरा ओढून ताणून आणल्यासारखें वाटत नाहीं काय? मी त्यांना कांहीं उत्तर देत नाहीं. वर्तमानपत्रें वाचा, एवढेंच सांगतों.

त्याहून क्रूर खेळ दोन वर्षांनीं झाला. २००८ चें ऑलिंपिक चीनमध्यें भरलें. फुटबॉलचे संघ त्यांत तेवीस वर्षांखालील असतात. परंतु तीन वडील खेळाडू घेतां येतात. झेंग त्यांतला एक, आणि संघाचा कर्णधार. बेल्जियमशीं सामना पडला तो नेमका शेनयांगला, त्याच्या जन्मगांवीं. आपल्या माणसांदेखत, आपल्या मातींत, कर्णधार या नात्यानें खेळण्याचा योग आयुष्यांत किती वेळां येतो? त्या सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला कोंपर मारल्याबद्दल त्याला तांबडें कार्ड दाखवून मैदानाबाहेर काढण्यांत आलें. चीन दोन गोलांनीं हरला. मी त्याचा चाहता आहें, वकील नव्हे. त्या कोंपराचें समर्थन मला करतां येत नाहीं. परंतु एक गोष्ट ध्यानांत येते. ज्याला सदैव दुसऱ्यांचे तोल सांभाळावयाचे असतात, त्याचा स्वतःचा तोल जातो तेव्हां तो असाच, सर्वांसमक्ष आणि स्वतःच्या घरीं जातो.

अखेरची संधि २०१७ मध्यें आली. मार्चेल्लो लिप्पी हा इटलीचा नामांकित गुरु चीनला शिकवीत होता. त्या मार्चमध्यें चांग्शा येथें चीननें दक्षिण कोरियाला हरविलें, आणि आशेला पालवी फुटली. ५ सप्टेंबरला दोहा येथें कतारविरुद्ध शेवटचा पात्रता सामना झाला. चीननें तो मागून येऊन दोन विरुद्ध एक असा जिंकला. परंतु दुसऱ्या मैदानांवरील निकाल प्रतिकूल लागले आणि दार बंदच राहिलें. सदतीस वर्षांच्या झेंग झीला त्याही सामन्यांत अखेरीस तांबडें कार्ड मिळालें होतें. विजय झाला तेव्हां कर्णधार मैदानावर नव्हता.

चीनच्या या दुर्दैवाला हंसण्याचा अधिकार आपल्याला नाहीं, हेंही येथेंच सांगून टाकतों. १९५० च्या विश्वचषकाला जाण्याची संधि भारताला मिळाली होती आणि आपण गेलों नाहीं. त्यानंतर ती आलीच नाहीं. २०१८ च्या ऑक्टोबरांत सूचौ येथें भारत आणि चीन यांचा मैत्रीचा सामना झाला, तो एकही गोल न होतां बरोबरींत सुटला. जगांतील दोन सर्वांत मोठीं राष्ट्रें नव्वद मिनिटें धावलीं, आणि फळा कोराच राहिला!

आतां ग्वांगझौ. दक्षिण चीनमधील हें जुनें व्यापारी बंदर. इंग्रज याला कँटन म्हणत. सामने विकल्याचें प्रकरण उघडकीस आल्यावर येथील संघाला शिक्षा म्हणून दुसऱ्या श्रेणींत ढकलण्यांत आलें होतें. २०१० मध्यें एव्हरग्रँड या घरबांधणीच्या बलाढ्य कंपनीनें तो विकत घेतला. त्या वर्षाच्या मध्याला झेंग झी तेथें दाखल झाला. हंगामाच्या अखेरीस संघ वर चढला, आणि पुढच्याच वर्षीं देशाचा अजिंक्यवीर झाला. मग २०१७ पर्यंत ओळीनें सात वर्षें तें पद दुसऱ्या कोणाकडे गेलें नाहीं; २०१९ मध्यें आठव्यांदा परत आलें. आशियाई क्लबांचें अजिंक्यपद २०१३ मध्यें लिप्पीच्या हाताखालीं, आणि २०१५ मध्यें ब्राझीलच्या स्कोलारीच्या हाताखालीं मिळालें. ल्याओनिंगनंतर हा मान मिळविणारा हा पहिलाच चिनी संघ. दोन्ही वेळां चषक उंचावणारा कर्णधार झेंग झी होता. २०१३ मध्यें, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं, आशियांतील सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून त्याचा गौरव झाला.

या संघांत ब्राझील व अर्जेंटिना येथून मोठमोठ्या रकमा देऊन खेळाडू आणले होते. गोल बहुधा ते करीत. झेंगचें काम त्यांच्या मागें उभें राहण्याचें. तारुण्यांत तो आघाडीवर खेळला, बचावांत खेळला. परंतु वय वाढत गेलें तसतसा तो मैदानाच्या मध्यावर स्थिर होत गेला. धांव कमी झाली, दृष्टि वाढली. चेंडू त्याच्यापाशीं आला कीं साऱ्या खेळाला क्षणभर श्वास घेतां येत असे. गाण्यांतील मध्यलय ज्यांनीं मनापासून ऐकली असेल त्यांना मी काय म्हणतों तें कळेल. चाळिशीच्या उंबरठ्यापर्यंत तो असा खेळला.

आणि मग एकामागून एक घरें पडत गेलीं. ज्या ल्याओनिंगच्या अंगणांत तो वाढला तो संघ २०२० मध्यें कर्जापायीं विसर्जित झाला. ज्या शेन्झेननें पहिलें अजिंक्यपद जिंकलें तो जानेवारी २०२४ मध्यें मिटला. एव्हरग्रँडनें तर २०२० च्या एप्रिलमध्यें एक लक्ष प्रेक्षक बसतील अशा कमळाच्या आकाराच्या स्टेडियमची पायाभरणी केली होती. पुढच्याच वर्षीं कंपनी कर्जाच्या गाळांत रुतली. तें कमळ उमललें नाहीं. तीनशें अब्ज डॉलरांहून अधिक देणें असलेली ती कंपनी मोडींत काढण्याचा हुकूम हाँगकाँगच्या न्यायालयानें २९ जानेवारी २०२४ रोजीं दिला. आणि जानेवारी २०२५ मध्यें, जुनीं कर्जें फेडतां न आल्यानें, आठ वेळां अजिंक्य ठरलेल्या ग्वांगझौ संघाचें नांवही यादींतून गेलें. ज्या चार चिनी संघांनीं झेंग झीला घडविलें अथवा वागविलें, त्यांतला आज एक शान्दोंगचा उरला आहे. विमा, शीतपेय, वीज आणि घरें अशीं नांवें या संघांच्या पाठीवर होतीं. कंपनीची तब्येत हीच संघाची तब्येत.

याच्या उलट इंग्लंड-स्कॉटलंडमधील त्याचे दोन्ही संघ, जेथें त्याला फारसें यश मिळालें नाहीं, ते जागच्या जागीं आहेत. सेल्टिकची स्थापना १८८७ मध्यें ग्लासगोंतील गोरगरिबांच्या पोटापाण्यासाठीं पैसा उभारावा म्हणून झाली. चार्ल्टनची हकीकत तर आणखी मौजेची. १९८५ मध्यें पैशाअभावीं त्या संघाला आपलें ‘द व्हॅली’ हें मैदान सोडावें लागलें. परत येण्याच्या मार्गांत नगरपालिकेची अडचण आली, तेव्हां १९९० मध्यें चाहत्यांनीं स्वतःचा पक्ष काढून नगरपालिकेची निवडणूक लढविली आणि जवळजवळ पंधरा हजार मतें मिळविलीं! १९९२ मध्यें संघ आपल्या मैदानावर परत आला. संघ कोणाचा, हा प्रश्न तेथें मतपेटींत विचारला गेला. ग्वांगझौमध्यें तो विचारण्याची सोय नव्हती.

येथें मनाला एक टोंचणी लागते. त्या आठ अजिंक्यपदांचा पैसा आला कोठून? आयुष्यभराची पुंजी भरून, बांधून न झालेल्या घराचे हप्ते फेडीत बसलेल्या सामान्य कुटुंबांच्या खिशांतून त्याचा मोठा भाग आला. २०२२ मध्यें अशा कित्येकांनीं हप्ते भरण्याचेंच नाकारलें. झेंग झीनें कोणाचें घर बुडविलें नाहीं. त्यानें चेंडू पुढें दिला. तरी ज्या वाड्यांत आपण दिवा लावतों त्या वाड्याचा पाया कशावर उभा आहे, हें विचारण्याचें कर्तव्य दिवा लावणाऱ्याला अजिबात नसतें काय? चिनी फुटबॉलमध्यें हा प्रश्न सौम्य राहिलेला नाहीं. शेनयांगचाच ली त्ये हाही मधल्याच फळींत खेळणारा, हाही इंग्लंडांत एव्हर्टनकडून गाजलेला, २००२ चा विश्वचषक खेळलेला. पुढें तो राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. आणि डिसेंबर २०२४ मध्यें लांचलुचपतीबद्दल त्याला वीस वर्षांची कैद झाली. एकच गांव, एकच जागा, एकच पिढी. आणि शेवट? म्हणून मला वाटतें, कीं झेंग झीचें निव्वळ शेवटपर्यंत मैदानावर टिकून राहणें हेंही, त्या वातावरणांत, कांहीं लहान काम नव्हतें. परंतु एवढ्यावर तो प्रश्न मिटतो असें म्हणण्यास जीभ रेटत नाहीं.

ती न रेटण्याचें एक कारण माझ्या स्वतःच्या परिस्थितींत आहे. मी सत्तावन्न वर्षांचा आहें. आमच्या विभागांत कायम नेमणुकीचा असा मी एकटाच उरलों आहें; बाकीचे तिघे तासिका तत्त्वावर शिकवितात. त्यांना तासामागें मानधन मिळतें, आणि तेंही कित्येकदां परीक्षा आटोपून निकाल लागल्यावर. ते माझ्याइतकेंच, किंबहुना माझ्याहून कांकणभर सरस शिकवितात. माझें वेतन ठरल्या दिवशीं जमा होतें. इंग्रजी वाङ्मय हा विशेष विषय घेणारे विद्यार्थी यंदां सात आहेत, आणि पुढील जूनपासून हा वर्ग चालूं ठेवावा कीं नाहीं याचा विचार वरिष्ठ करीत आहेत. एके दिवशीं मी पुढच्या वर्षाच्या नाटकाचीं टिपणें काढीत बसलों होतों. आमच्या तिघांपैकीं एकानें विचारलें, “सर, वर्गच राहणार नसेल तर हें कशाला?” मीं त्याला शेन्झेनची गोष्ट सांगितली, मोठ्या रंगांत येऊन सांगितली. पगार थकलेला असतां ते गडी कसे खेळले आणि कसे जिंकले! तो शांतपणें ऐकत राहिला, आणि म्हणाला, “छान आहे सर. पण त्यांचा पगार मागावयाला कोण गेलें?”

प्रश्न रास्त होता. निष्काम कर्माचीं स्तोत्रें गाण्यास लागणारी स्वस्थता बहुधा नियमित वेतनांतून येते. थकलेल्या पगारांतही जो उत्तम काम करतो त्याच्यापुढें हात जोडावे. परंतु त्याच्या त्या उत्तमपणाचा दाखला देऊन पगार थकविणाऱ्याची सोय करूं नये. विभागप्रमुख या नात्यानें त्यांच्या मानधनाविषयींचें पत्र मीं त्याच सायंकाळीं लिहून पाठविलें. या वर्षांतलें तें तिसरें. आणि मग अपुरीं राहिलेलीं टिपणें पुरीं केलीं. कारण वर्ग भरला तर तीं लागतील, आणि सातांतल्या एकाला जरी लागलीं तरी हरकत नाहीं.

झेंग झी मैदान सोडून गेला नाहीं. २०२४ मध्यें तो चीनच्या राष्ट्रीय संघाचा साहाय्यक प्रशिक्षक होता. म्हणजे पुन्हां मध्येंच, परदेशी गुरु आणि देशी खेळाडू यांच्या मधोमध. त्या सप्टेंबरांत जपाननें चीनवर सात गोल चढविले. २०२६ च्या विश्वचषकासाठीं संघांची संख्या अट्ठेचाळीसपर्यंत वाढविली होती, आशियाच्या वांट्याला थेट आठ जागा आल्या होत्या. तरीही ५ जून २०२५ रोजीं जाकार्ता येथें इंडोनेशियाकडून एका गोलानें हार खाऊन चीनची तीही वाट बंद झाली. खेळाडू म्हणून त्याला जें दार उघडतां आलें नाहीं, तें दुसऱ्यांसाठीं उघडण्याच्या खटपटीलाही यश आलें नाहीं. शंभराहून अधिक सामने देशासाठीं खेळलेल्या या माणसाच्या नांवावर विश्वचषकांतील एक मिनिटही नाहीं, आणि त्याचे बहुतेक संघ आतां केवळ जुन्या छायाचित्रांत उरले आहेत.

असें असतां त्याच्या कारकीर्दीला काय म्हणावें? यशस्वी म्हणावें तर घरें पडलेलीं दिसतात. निष्फळ म्हणावें तर २०१३ ची ती नोव्हेंबरची रात्र, ग्वांगझौचें तुडुंब भरलेलें मैदान आणि तेहतीस वर्षांच्या कर्णधाराच्या हातांतील चषक डोळ्यांपुढें येतो. त्या रात्रीं त्या मैदानांत जे हजारों लोक होते त्यांच्यापासून ती रात्र कोणत्याही न्यायालयाला जप्त करतां यावयाची नाहीं. खेळ चालू असतां त्यानें तो चालू ठेवला. चेंडू त्याच्यापाशीं आला, त्यानें मान वळवून मागें पाहिलें, आणि तो पुढच्याच्या पायांत नेमका पोंचविला. पुढच्यानें त्याचें काय केलें, हा हिशेब त्याच्या वहींतला नव्हे. माझ्या त्या तरुण सहकाऱ्याचा प्रश्न मात्र मी त्याच्याही वहींत लिहून ठेवीन, आणि माझ्याही.